चाळिसावं नाव

४ फेब्रुवारी

नाही बाबा, विषय बदलू नका. मी विचारलं काय आणि तुम्ही लिहिलंत काय. माझं नाव कुठून आणलंत, एवढाच प्रश्न होता. त्यावर दोन पानं आली. दादाच्या गाडीचा क्लच गेला, वहिनीनं नवे पडदे घेतले, तुमचा गुडघा बरा आहे. आणि नावाबद्दल एक ओळ: 'जुन्या ग्रंथात आहे.' कुठल्या? का तो ग्रंथ तुमच्या चष्म्यासारखा आहे, कपाळावर ठेवायचा आणि घरभर शोधायचा?

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही आणि खाली सहीही करणार नाही. ज्या नावानं सही करायची त्याचाच तर वाद चाललाय. पाकिटावरचं अक्षर बघून कळेल कोण ते.

परत सांगते, म्हणजे 'मला नीट कळलं नाही' म्हणायला जागा नको. मी लॅबमध्ये रक्त काढते आणि नळीवर नाव चिकटवते. दिवसाला शंभर नळ्या, शंभर नावं. सहा वर्षांत एवढी तयार झालेय की नाव वाचून वय सांगते. देवाचं नाव असेल तर सत्तरीच्या पुढे. फूल किंवा नदी असेल तर पन्नास-साठ. वाचताना जीभ अडखळली तर पाच वर्षांच्या आत, आणि उच्चार दुरुस्त करायला आई बाजूला उभीच असते.

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आले साखर तपासायला. उपाशीपोटी एकदा रक्त दिलं. मग काहीतरी खाऊन दोन तासांनी परत द्यायचं असतं. ते दोन तास समोरच्या बाकावर बसले आणि त्यांनी माझ्या खिशावरची पट्टी वाचली. नाव छान आहे म्हणाले, कुठलं? मी पाठ असलेलं म्हणून दाखवलं. फार जुना शब्द, अर्थ 'विझल्यावरही उरणारा उजेड'. लहानपणापासून म्हणतेय, पाढ्यासारखं. गुरुजींनी डोळे मिटले. चाळीस वर्षं जुन्या भाषा शिकवलेला माणूस. त्यांनी माझं नाव पुढून सोललं, मागून सोललं, कांद्यासारखं. आत काहीच निघेना. दोन तास संपले तेव्हा म्हणाले, "बाळ, असा शब्दच नाही. तुला कुणीतरी प्रेमानं फसवलंय." आणि दंड पुढे केला.

त्यातलं 'प्रेमानं' त्यांचं. 'फसवलंय' तेवढं मी ठेवून घेतलं.

ग्रंथाचं नाव आणि पान कळवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसते खोकता.


१२ फेब्रुवारी

बरं. म्हणजे ग्रंथ गेला आणि आता आजीची मैत्रीण आली. आजीच्या वर्गात होती, दिसायला सुंदर, लवकर गेली बिचारी, तिच्यावरून ठेवलं. बाबा, आजी शाळेची पायरी चढली नव्हती हे तुम्हीच आम्हाला हजारदा ऐकवलंय, आम्ही अभ्यास करत नव्हतो तेव्हा. खोटं बोलायचं तर आधीचं लक्षात ठेवावं माणसानं.

वर विचारता, 'हजारो लोकांनी ठेवलेलं नाव खोटं कसं असेल?' हे आवडलं मला. बघू या की, कुणी ठेवलं ते.

पहिली मी. शाळेत पहिली चार वर्षं एकटी. हजेरी घेताना बाई माझ्यापाशी थांबायच्या, चष्मा वर करायच्या. मी उभी राहून अर्थासकट सांगायचे. किती मिरवायचे, आठवलं की कानशिलं तापतात.

मग मी नऊ वर्षांची असताना टीव्हीवरच्या त्या मालिकेतल्या सुनेचं नाव हेच निघालं. तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात की मालिका लिहिणाऱ्याची बायको बाळंतीण होती आणि तिच्या उशाशी तुमचंच बाळांच्या नावांचं पुस्तक होतं. दोन वर्षं लाट आली. मी दहावीत होते तेव्हा बालवाडीच्या फाटकात एका बाईनं हाक मारली आणि सहा पोरी वळल्या. मी सातवी. मग मालिकेतल्या त्या सुनेला अपघात झाला, चेहरा बदलला, नटी बदलली, आणि नव्या चेहऱ्यानं तिनं सासूच्या दुधात विष घातलं. झालं. आयांनी शाळेत जाऊन नावं बदलून घेतली. पुढे त्या नावाचं फिनेल निघालं. विझल्यावरही उरणारा उजेड, आणि बाटलीवर चकचकीत संडासाचं चित्र. होस्टेलच्या मुली मला बाटली दाखवून विचारायच्या, वास कसा घेऊ.

सहा वर्षांत माझ्या नावाच्या एकोणीस नळ्या हातून गेल्या. सगळ्या आज वीस ते बावीस वर्षांच्या. त्याखाली एकही नाही. ते नाव आता कुणी ठेवत नाही, बाबा. आणि ज्या एकोणीस जणींना ते मिळालं त्यांच्या आयांनी ते तुमच्या पुस्तकातून घेतलं किंवा तुमचं पुस्तक वाचलेल्या माणसाच्या मालिकेतून. वळसा घालून सगळे तुमच्याच दारात येतात. तुम्ही छापलंत, त्यांनी ठेवलं, आणि त्यांनी ठेवलं म्हणून ते खरं.

तुम्ही छापखान्यात अक्षरं जुळवणारे कंपोझिटर. आख्खा जन्म उलटी अक्षरं सुलटी वाचण्यात गेला. छापखान्याच्या मालकानं सांगितलं म्हणून बाळांच्या नावांचं एक पुस्तक जमवलंत, ते बाळंतिणींच्या दवाखान्याबाहेर आजही विकलं जातं, आणि आळीत तुम्ही नाववाले काका झालात. पाच अनोळखी माणसं रोज येऊन तुमच्यावर विश्वास ठेवून जायची. मला ते फार भारी वाटायचं. तुमच्या टेबलाखाली बसून प्रुफं तपासायला शिकले मी. नको असलेला शब्द लाल शाईनं खोडायचा. आणि खोडलेला परत हवा झाला तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे जुळवणाऱ्याला कळतं, हे राहू द्या.

मला आठवतं म्हणून सांगितलं. मऊ पडलेय असं समजू नका.

नाव बदलायचा अर्ज आणलाय. लॅबवाल्यांची सरकारी नोंदणी दर पाच वर्षांनी नवी होते, वीस मार्चला मुदत संपते. त्याच्या आत खरं कळवा, नाहीतर पुढची पाच वर्षं मी दुसरीच कुणीतरी असेन. दादासारखं साधं नाव घेईन. एक हाक मारली की पाच खिडक्या उघडतील असं.


२५ फेब्रुवारी

अर्जाची नक्कल जोडतेय. तुम्हाला छापील मजकूर आवडतो.

अर्जदाराचं सध्याचं नाव: (तुम्हाला माहीत आहे)
अर्जदाराचं नवं नाव: (ठरायचंय)
बदलाचं कारण, एका ओळीत:

नावाचा अर्थ जो सांगितला तो नाही. (खोडलं. कारकून म्हणेल, अर्थ कुणाच्या नावाला असतो?)

नावाचं फिनेल झालं. (खोडलं. हसेल.)

माझ्या बापानं माझ्या आईला फसवलं. (हे खोडलेलं नाही. पण एका ओळीत मावतं म्हणून एका ओळीचं आहे असं नाही.)


२ मार्च

दादाचा फोन आला. तुम्ही लिहीत नाही आणि त्याला पुढे करता. तो म्हणाला, बाबा दोन घास खाऊन उठतात, तुला हे उकरून काय मिळतं. मग म्हणाला, एकतीस वर्षांनी पहिल्यांदा पुस्तकाच्या कव्हरवर त्यांचं नाव येतंय, जुना मालक गेला, त्याच्या मुलानं कबूल केलंय, प्रुफं उराशी धरून फिरतात नव्या नवरदेवासारखे, तेवढं होऊन जाऊ दे, मग काय भांडायचं ते भांड.

तुमचं नाव कव्हरवर हवं. अर्थात हवं. नाव ही काय चीज आहे हे तुमच्याइतकं कुणाला कळतंय.

मला काय मिळतं ते सांगते. आई गेल्यापासून दोन वर्षं मी घरी आले नाही, तिची रिकामी जागा बघवत नाही म्हणून, आणि तुम्ही सगळ्यांना 'तिला सुट्टी नाही' असं सांगता. आईचा शेवटचा आठवडा आठवा. सहा नंबरची खाट, खिडकीकडची. येईल त्या नर्सला ती म्हणायची, माझ्या मुलीच्या नावाचा अर्थ विचारा. ती विचारायची आणि मला सांगावं लागायचं. मग आई म्हणायची, "मी गेले तरी ही आहे की. नावातच आहे तिच्या." आणि तुम्ही स्टुलावर मोसंबं सोलत होतात. अर्धा तास एकच मोसंबं. साल निघालं, वरचं पांढरं निघालं, फोडीवरची पातळ कातडी निघाली, नुसत्या गराच्या कण्या राहिल्या तरी तुम्ही सोलतच होतात. तेव्हा मला वाटलं तुम्हाला रडू येतंय.

तुम्ही घाबरला होतात. मी विचारीन म्हणून. किंवा ती विचारील म्हणून.

ती माझ्या नावाला धरून गेली, बाबा. धरायला तुम्ही काय दिलं होतंत ते मला कळायलाच हवं.


९ मार्च

काल तुमच्या गावात आले होते. घरी आले नाही. समोरून गेले, पडदे खरंच नवे आहेत, वहिनीची आवड बरी आहे.

छापखान्यात गेले. मालकाचा मुलगा नव्हता. मशीनवाले मामा होते. त्यांचं वय माझ्या हिशेबानं सत्तर, नावावरून. त्यांनी मला ओळखलं आणि नावानं हाक मारली. दोन महिन्यांत ते नाव कुणी एवढ्या सहज घेतलं नव्हतं. मला चहा दिला, स्वतः बशीत घेतला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं मला माहीत आहे. म्हणाले, घरातल्या पोरीला नाही सांगितलं होय? मग जीभ चावली, पण तोपर्यंत चहा संपला होता.

तर ऐका, तुमचीच गोष्ट आहे. शिशाच्या खिळ्यांचा जमाना होता, एकेक अक्षर हातानं जुळवायचं. एका पानावर चाळीस नावं, चार रांगा दहा-दहाच्या. प्रत्येक अक्षराला नवं पान. मालकाचा हुकूम, पान पूर्ण भरलेलं पाहिजे, मधे भोक दिसलं तर गिऱ्हाईक म्हणतं पुस्तक अर्धवट आहे. माझ्या नावाच्या अक्षराला एकोणचाळीसच नावं जमली. जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढायचा होता, मामा शाई लावून उभे, आणि तुम्ही आत जाऊन पाच मिनिटांत चाळिसावं जुळवून आणलंत. अर्थासकट. मामांनी विचारलं, हे कुठलं? तुम्ही म्हणालात, "असेल कुठलं तरी."

असेल कुठलं तरी. एकतीस वर्षं मी हे नाव मानेवर घेऊन फिरतेय.

आख्ख्या पुस्तकात अशी अकरा आहेत, मामांनी बोटांवर मोजली. माझं पाचवं.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी आई तुमचा डबा घेऊन आली. मी पोटात, सातवा महिना. त्या फर्म्याची ओली पानं, सतरापासून पुढची, दोरीवर वाळत होती. ती एकेक वाचत गेली आणि सव्विसाव्या पानावर थांबली. चारशे नावं वाचून झाली होती तिची. तिनं नेमकं त्याच एका नावावर बोट ठेवलं. म्हणाली, "हे." शाई ओली होती, बोट काळं झालं. मग तिनं तुमच्याकडे बघून विचारलं, "खरंच असा अर्थ आहे?"

इथे मामांनी बशी विसळायला घेतली. पुढचं बापाला विचार म्हणाले.

ते तुम्ही सांगा. ती विचारत होती तेव्हा तुम्ही तिच्यापासून किती लांब उभे होतात आणि काय म्हणालात, एवढंच लिहा. गुडघा नको, क्लच नको.


१९ मार्च

तुमचं पत्र मिळालं. चार ओळींत सांगण्यासारखं चार पानांत सांगितलंत, पण या वेळी खरं आहे. वाचताना कळलं. खऱ्याला तुमचं अक्षर खराब येतं.

तुम्ही लिहिता की हाताच्या अंतरावर होतात. की तुम्ही 'हो' म्हणालात. उद्या सांगू म्हणून म्हणालात, आणि उद्यापर्यंत तिनं शेजारच्या तीन घरांत सांगितलं होतं. आठवड्यानं दुपट्याच्या कोपऱ्यात दोऱ्यानं नाव घातलं. मग मी झाले. मग मला हाक मारायला लागली. तुम्ही विचारता, यातला कुठला दिवस सांगायचा होता? बाबा, कुठलाही. दहा हजार दिवस होते. तुम्हाला एकही चांगला दिसला नाही.

आणि बल्बची गोष्ट. नाव जुळवत होतात तेव्हा लाईट गेली, डोक्यावरच्या बल्बची तार क्षणभर लाल राहिली, ते बघून अर्थ लिहिलात. म्हणजे मी चाळीस वॅटची. तुम्हाला वाटलं असेल हे वाचून मी विरघळेन. छान आहे, नाही म्हणत नाही. छान आहे म्हणूनच नको. छान अर्थ आईला पुरला. मला खरा पाहिजे.

शेवटी लिहिलंत की प्रायश्चित्त म्हणून या आवृत्तीतून ते नाव तुम्ही काढून टाकताय. मला बरं वाटेल म्हणून.

म्हणून आज परत आले. हे पत्र छापखान्यात बसून लिहितेय, मामांच्या स्टुलावर. मालकाच्या मुलानं शेवटचं प्रूफ दाखवलं. सव्विसाव्या पानावर तुमची लाल रेघ बघितली. सरळ आहे. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मानानं कौतुक करायला हवं. माझ्या नावावरून आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पान परत जसं होतं तसं. एकोणचाळीस नावं आणि एक भोक. मालकाचा मुलगा विचारत होता, इथे काय भरू, तुमच्या बाबांना सुचेल का काही.

तुम्हाला सुचलं असतं. त्याचीच भीती होती.

तुम्ही मला एकदा भरलंत तेव्हा विचारलं नाहीत, आता खोडतानाही विचारलं नाहीत. त्या नावावर आईचं बोट उमटलं होतं. ते पुसायचा हक्क तुमचा नाही. माझं भांडण तुमच्या 'हो'शी आहे, तिच्या 'हे'शी नाही.

मी तुमचाच लाल पेन घेतला आणि नावाखाली टिंबं दिली. सात. एक जास्तच पडलं, राग होता. म्हणजे हे राहू द्या. अर्थावरची तुमची रेघ तशीच ठेवली आणि समोर नवा अर्थ लिहिला: 'पानावर उरलेली जागा'. हा कुठल्याही गुरुजींना सोलू दे. कांदा नाही, आत काहीतरी सापडेल.

बाकीच्या दहा नावांना हात लावला नाही. त्यांच्या आयांनी कुठे बोट ठेवलं ते मला माहीत नाही. ती दहा घरं तुमची तुम्ही बघा, गुडघा बरा आहे म्हणता.

कव्हरही तपासलं. तुमचं नाव मोठ्या टाइपात आहे, कुठे चूक नाही. ते काढायला लावणार होते, खरं सांगते, येताना बसमध्ये तेच ठरवलं होतं. मग वाटलं, आतलं खोटं असताना वर नाव नव्हतं आणि आता एक अर्थ खरा झाला तरी नसावं, हे काही बरोबर नाही. राहू दे. लोकांना कळू दे कुणी लिहिलं. सव्विसावं पान वाचून कुणी दारात आला तर दार तुम्हीच उघडा, वहिनीला पाठवू नका.

'छापायला हरकत नाही' याच्याखाली तुमची सही होतीच. तिच्याखाली मी माझी केली, पूर्ण नावानं. कॉम्प्युटरवाल्या मुलीनं माझ्यासमोर दुरुस्ती केली. मशीन चालू झालंय, स्टूल हलतंय, म्हणून अक्षर असं येतंय.

अर्ज पिशवीत आहे. कारणाची ओळ कोरीच राहिली. उद्या मुदत संपते आणि उद्या मला सकाळची पाळी आहे. नोंदणी जुन्याच नावानं होईल. याला माफी समजू नका. घरी येणार नाही. पत्र पाठवलंत तर वाचीन, उत्तर देईनच असं नाही.

मालकाच्या मुलानं तुम्हाला फोन केला वाटतं. मामा खिडकीतून बघून सांगतायत की तुम्ही चौकाच्या कोपऱ्यावर आलात, पायात घरातल्याच चपला आहेत. म्हणतायत, बस पोरी, दोन मिनिटं, म्हातारा धावतोय. धावू नका. पहिली शंभर पानं छापून झालीत.

पत्र मामांकडे ठेवतेय. बाइंडिंगच्या खोलीतून मागच्या गल्लीत एक दार उघडतं, लहानपणी तुम्हीच दाखवलं होतं, मालक आला की पळायला. त्यानं जातेय.

सही इथे नाही. पान सव्वीस, शेवटची रांग, शेवटचं नाव.